टॅबमधली पालखी

“ताई, त्यातलं काय पण पुसा. नणंदेच्या हळदीचे फोटो पुसा, माझं तोंड दिसेल ते सगळं पुसा. फक्त पालखी पुसू नका.”

रेश्माने टॅब पुढे केला होता, पण सोडत नव्हती. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. श्रीवर्धनहून रिक्षा करून, उखडलेल्या रस्त्याने कंबर खिळखिळी करून घेत मी तिच्या ओटीवर पोचले होते. घोटभर पाणी पोटात जायच्या आत ही अट.

“अगं, आधी बघू तर दे,” मी म्हटलं. “मी काय झाडू घेऊन आलेय का?”

तेव्हा कुठे तिने हात सोडला.

मी फील्ड सपोर्टचं काम करते. आमच्या कंपनीचं एक ॲप आहे. एका संस्थेच्या सेविका गावोगावी, वाड्यावाड्यांवर फिरून लहान मुलांची वजनं घेतात आणि त्या ॲपमध्ये भरतात. ॲप अडलं की सेविका ऑफिसला फोन करते, ऑफिस मला फोन करतं आणि मी एसटीत बसते. रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतचा पट्टा माझ्याकडे. मूळची मी किहीमची, त्यामुळे सगळा रायगडचा किनारा म्हणजे माझं परसदार, असा नवी मुंबईतल्या आमच्या ऑफिसचा समज आहे. नकाशात सगळं जवळच दिसतं म्हणा.

हे ॲप ऑफलाइन चालतं. म्हणजे नेटवर्क नसलं तरी माहिती भरता येते. भरलेलं सगळं टॅबच्या पोटात साठून राहतं. नेटवर्क मिळालं की ‘सिंक’ नावाचं बटण दाबायचं, मग साठलेलं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जातं. पण जोवर सिंक पूर्ण होत नाही, तोवर ती माहिती त्या एका टॅबमध्येच असते. जगात दुसरीकडे कुठेही नाही. सगळी भानगड नेमकी इथे होती.

रेश्मा अशीच एक सेविका. तिचा टॅब गच्च भरला होता. ॲपवर बोट ठेवलं की आमचा लोगो यायचा, मग ‘स्टोरेज फुल’ अशी पाटी यायची आणि ॲप मिटून जायचं. आत पावसाळा संपल्यापासूनची वजनं होती, डोंगरातल्या तीन वाड्यांवरच्या मुलांची. सिंक एकदाही झालेलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या शाळेत डॉक्टरांचा कॅम्प होता.

“वजनं परत घेता नाही येणार?” मी विचारलं. प्रश्न तोंडातून गेला आणि लगेच कळलं, किती येडचापपणाचा आहे ते.

“आजचं घेता येईल की,” रेश्मा म्हणाली. “दिवाळीचं कुठनं आणू?”

ओटीच्या पायरीवर एक बाई बसली होती. मांडीवर वर्षभराची पोर. बाईचं नाव सुगंधा, पोरीचं सोनी. त्या दोघी वरच्या वाडीवरच्या. सोनी जन्मापासून बारकी. सुगंधा सीझनला सुपारी सोलायच्या कामाला जायची, घरी आणखी एक मुलगा, नवरा वीटभट्टीवर कामाला गेलेला. गेल्या वर्षी शेजारणीच्या पोराला डॉक्टरांनी वजन कमी म्हणून अलिबागला दाखल केलं होतं. शेजारीण तिकडे अडकली आणि तिचं इकडचं घर उघडं पडलं. सुगंधाने त्याची धास्ती घेतली होती.

रेश्मा मला समजावून सांगत होती. “पोर बारकी हाय, मला ठाव हाय. पण चढतेय, ताई. दर खेपेला जरा जरा चढतेय. आता डॉक्टर नुसतं उद्याचं वजन बघनार नि म्हननार, न्या अलिबागला. चढतेय ते कशावरनं दाखवू? ते सगळं ह्याच्यात हाय.” आणि तिने टॅबवर बोट आपटलं.

सुगंधा माझ्याकडे बघत राहिली. अशी माणसं नुसती बघत राहिली की मला घाम फुटतो. आरडाओरडा करणारी परवडतात.

मी पदर खोचला आणि कामाला बसले. पहिली गोष्ट, टॅबची जागा कशाने खाल्ली ते बघायचं. सेटिंग्जमध्ये स्टोरेजचं पान असतं, तिथे हिशेब दिसतो. वरचीच ओळ व्हिडिओंची होती आणि ती चांगली लांबलचक. खाली ‘ॲप्स’ची ओळ होती, तिथे नुसतं चक्र गरगरत होतं. टॅब इतका तुंबलेला की त्याला स्वतःचं पोट मोजायलाही होत नव्हतं. मी म्हटलं, जाऊ दे, चोर तर सापडला.

व्हिडिओ म्हणजे पालखी. शिमग्याला रेश्माच्या अंगणात पालखी नाचली. तिच्या दोन्ही दिरांना मुंबईत रजा मिळाली नव्हती. तिच्या फोनचा कॅमेरा फुटलेला. मग हिने काय केलं, सरकारी नाही पण सरकारी असल्यासारखा जपायचा तो ऑफिसचा टॅब काढला आणि पालखी दारात आल्यापासून उठेपर्यंत सगळं शूट केलं. मी एक लावून बघितला. ढोल काय, सनई काय, पालखीखाली घामाघूम झालेली पोरं काय! कॅमेरा सारखा हलत होता, कारण धरणारी स्वतःच नाचत होती. मला हसू आलं. खरं सांगू, बघत बसावंसं वाटलं.

गावात नेट चालत नाही, पण साधा फोन अधूनमधून लागतो. तेवढ्यात मंदार सरांचा फोन आला. हे आमचे मॅनेजर.

“उज्वला, काय स्टेटस?”

“सर, स्टोरेज भरलंय. पर्सनल व्हिडिओ आहेत.”

“बघ! मला माहीतच होतं. सिंपल आहे ना यार. फॅक्टरी रीसेट मार, फ्रेश करून दे, आणि रिपोर्टमध्ये मिसयूज लिही.”

फॅक्टरी रीसेट म्हणजे टॅब दुकानातून आला तसा कोरा करणं. व्हिडिओ जातील, त्याबरोबर वजनंही जातील.

“सर, आत अनसिंक्ड डेटा आहे. पावसाळ्यापासूनचा.”

“मग व्हिडिओ डिलीट कर. कॉमन सेन्स आहे.”

कॉमन सेन्स होताच. मी लॅपटॉप काढला. रेश्माला म्हटलं, “हे बघ, तुझी पालखी मी इथे कॉपी करते, पेनड्राइव्हवर देते. दिरांना पाठव, टीव्हीला लावून बघ. मग टॅबमधली काढू. एक फ्रेमसुद्धा जाणार नाही.”

रेश्मा वळली. तिने आत बघितलं. आतून तिचे सासरे बाहेर आले. पांडूतात्या. हे गावच्या देवळाचे गुरव, म्हणजे देवाची रोजची पूजा यांच्याकडे. बनियन, कमरेला पंचा, कानात पांढरे केस. ते खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, “कापी घ्या. दहा घ्या. पन ह्यातली उठवायची न्हाय.”

“तात्या, तो व्हिडिओ आहे.”

“व्हय. देवाचाच हाय ना?” ते शांतपणे म्हणाले. “देव घरात आला. बसला. आता त्याला उठवायचा तर त्याला इचारून उठवायचा. पालखी काय आपन मनाला येल तवा उठवतो काय?”

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण आमच्या घरीसुद्धा देवाचं कॅलेंडर जुनं झालं तर कचऱ्यात टाकत नाहीत, आई ते समुद्रात सोडते. प्लास्टिकचं असलं तरी सोडते आणि वर माझ्याशी भांडते. तेव्हा मी कुठल्या तोंडाने तात्यांना शहाणपण शिकवणार?

मग मी आधी बारीकसारीक साफसफाई केली. रेश्माने हळदीचे फोटो आधीच डिलीट केले होते, तरी जागा वाढली नव्हती. ते का, तर डिलीट केलेलं लगेच जात नाही. टॅबमध्ये ‘बिन’ असते, म्हणजे कचऱ्याचा डबा. फोटो तिथे महिनाभर पडून राहतात आणि जागा अडवतात. मी डबा रिकामा केला. डाउनलोडमधल्या जुन्या फाइली काढल्या. बऱ्यापैकी जागा झाली. ॲप उघडलं, लोगो आला, आणि पुन्हा पाटी. स्टोरेज फुल.

मी स्टोरेज बघितलं. आत्ता मोकळी केलेली जागा गायब.

“अरेच्चा, गेली कुठे?” मी म्हटलं. मग मनाशीच म्हटलं, सिस्टिमने घेतली असेल. सिस्टिम हा आमच्या धंद्यातला मोठा सोयीचा शब्द आहे. कळलं नाही की सिस्टिम म्हणायचं.

दुपार कलायला लागली होती. सुगंधाला पोर घेऊन डोंगर चढायचा होता. मी हात टेकले. “तात्या, विचारायचं कसं तेवढं सांगा. देवाला विचारून टाकू.”

“कौल लावू,” तात्या म्हणाले आणि लगेच पंचा झटकून उठले. बहुतेक या वाक्याचीच वाट बघत होते.

देऊळ चार घरं सोडून. आम्ही सगळे निघालो. तात्या पुढे, मागे टॅब छातीशी धरलेली रेश्मा, मागे सोनीला कडेवर घेतलेली सुगंधा, आणि शेवटी मी, लॅपटॉपची बॅग घेऊन. ऑफिसच्या ग्रुपवर हा फोटो टाकला असता तर इन्क्रीमेंटचा प्रश्नच मिटला असता.

कौल म्हणजे देवाच्या दगडावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तात्यांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा, ही तुझी लेकरं. ह्यांच्या टॅबात जागा न्हाय उरली. तुझी पालखी त्यात बसलीय. पोरांची वजनं त्यात बसलीत. सायबाची बाय लांबनं आलीय. तुझी आज्ञा आसंल तर पालखी उठवून पेंडाइवात ठेवतो. व्हय असंल तर उजवी दे, न्हाय असंल तर डावी दे.”

मी कसंबसं हसू दाबलं. पण खोटं कशाला बोलू, नंतर मीसुद्धा टक लावून त्या उजव्या पाकळीकडे बघत होते. पड गं बाई, पड.

डावी पडली.

तात्यांनी ती उचलून देवाच्या पायाशी ठेवली. “न्हाय म्हनतोय,” ते म्हणाले.

मला असा राग आला! देवावर, तात्यांवर, मंदार सरांवर, ढोल वाजवणाऱ्या त्या पोरांवर. “आता मी काय करू?” मी देवळातच जोरात म्हटलं. “उद्या कॅम्प आहे, तात्या! ह्या पोरीचं काय?”

“देव पालखीला न्हाय म्हनला,” तात्या म्हणाले. “पोरीला न्हाय म्हनला काय? दुसरं कायतरी उठवा.”

दुसरं काय उठवू, कपाळ! मी देवळाच्या पायरीवर धपकन बसले. टॅब मांडीवर घेतला. स्टोरेजचं पान उघडंच राहिलं होतं. आणि इतका वेळ गरगरणारं ते चक्र थांबलं होतं. ‘ॲप्स’च्या ओळीत आकडा आला होता.

मी तो आकडा दोनदा वाचला. पालखीपेक्षा मोठा होता. ओळ उघडली. आत एकाच ॲपने सगळी जागा अडवलेली. आमच्या.

आता मला मघाची गोष्ट आठवली. मी जागा मोकळी केली, ॲप उघडलं आणि जागा गायब झाली. सिस्टिमने नव्हती घेतली. ॲपनेच गिळली होती.

देवळापाशी फोन लागेना, नेटवर्कची एक कांडी देवळामागच्या पारावर मिळते म्हणाले. पारावर चढून मी सोहेलला फोन लावला. सोहेल आमचा डेव्हलपर, ॲप लिहिणाऱ्यांपैकी एक.

“सोहेल, सिंकचं बटण दाबलं की ॲप नक्की काय करतं?”

“सगळा डेटा आणि फोटो एका पॅकेटमध्ये भरतं, मग अपलोड करतं.”

“आणि अपलोड फेल झालं तर?”

“तर पुढच्या वेळी नवीन पॅकेट बनवतं.”

“आणि जुन्याचं काय होतं?”

“डिलीट होत असेल ना…” मग कीबोर्डची टकटक. “एक मिनिट.” मग पुन्हा टकटक. “दीदी, नाही होत. सक्सेस झालं तरच डिलीट होतं. नवीन व्हर्जनमध्ये ओपन केल्यावर ऑटो सिंक पण टाकलंय.”

म्हणजे सिंक जितक्या वेळा फसलं, तितक्या वेळा सगळ्या वजनांची आणि मुलांच्या फोटोंची नवी गाठोडी बांधून आमचं ॲप टॅबमध्ये रचत बसलं होतं. मी पारावरूनच ओरडले, “रेश्मा, तू सिंक कधी कधी दाबायचीस?”

“रोज!” ती खालून म्हणाली. “तुमीच ट्रेनिंगला सांगितलं ना, रोज दाबा म्हनून. मी सांजेला दिवाबत्ती केली की हात जोडायची नि बटण दाबायची. एक दिस चुकवलं न्हाय.”

नेट न चालणाऱ्या गावात, पावसाळा संपल्यापासून, रोज दिवाबत्तीनंतर. बाजाराला गेली की तिथेही दाबायची, पण तोवर गाठोडं इतकं जड झालेलं की तिथल्या नेटवर्कला उचलत नव्हतं. ज्या सेविकेने कंटाळा केला तिचा टॅब ठणठणीत. जिने नेम पाळला तिचा तुंबला. मिसयूज म्हणे!

“सोहेल, ती जुनी पॅकेट कुठे आहेत? कॅश की डेटा?”

हा फरक सांगते, तुमच्याही फोनला उपयोगी पडेल. प्रत्येक ॲपला दोन कप्पे असतात. कॅश म्हणजे ओट्यावरचा पसारा, आवरला तरी संसाराला धक्का लागत नाही. डेटा म्हणजे कपाट. ‘क्लिअर डेटा’ दाबलं की कपाटच रिकामं होतं. दोन्ही बटणं एका पानावर, शेजारी शेजारी. ही व्यवस्था ज्याने केली त्याला एकदा भेटायचंय मला.

“कॅशमध्ये,” सोहेल म्हणाला. “क्लिअर कॅश मारा.”

“वजनं जाणार नाहीत? नक्की?”

“नाही जाणार… म्हणजे, जायला नकोत.”

“जायला नकोत आणि जाणार नाहीत यात फरक आहे, राजा. इथे एक बाई पोर घेऊन बसलीय.”

तो बिचारा वरमला. मग आम्ही दोघांनी मिळून शहाणपणा केला. मी टॅब लॅपटॉपला जोडला. कॅशचं फोल्डर उघडलं. तारखेच्या नावाने फाइलींची रांग लागलेली. शेवटच्या काही रिकाम्या, कारण जागाच नव्हती. त्यांच्या मागची मात्र भरलेली होती. ती मी लॅपटॉपवर घेतली आणि सोहेलला उघडायची रीत विचारून उघडली. आत वाड्यांची नावं, मुलांची नावं, वजनं. सुगंधाच्या सोनीचंही नाव होतं. ज्या गाठोड्यांनी टॅबचा जीव घेतला होता, त्यांच्यातच आमची बॅकअप कॉपी निघाली. चार-दोन शेवटच्या नोंदी कमी असतील, पण आता काही झालं तरी सगळं बुडणार नव्हतं.

मग मी क्लिअर कॅशवर बोट नेलं. रेश्माने डोळे मिटले. तात्यांनी देवळाकडे तोंड केलं. मी तीनदा वाचलं, कॅशच ना, डेटा नाही ना, आणि दाबलं.

आकडा सरसर खाली आला. विमान मोड लावून ॲप उघडलं, म्हणजे ते पुन्हा सिंकच्या नादी लागू नये. लोगो आला, राहिला, आणि आत मुलांची यादी उघडली. रेश्मा ओरडली, “आली!” आणि तिने सुगंधाला मिठीच मारली, मधे सोनी चेपली गेली आणि भोकाड पसरून रडायला लागली. मी उगाच लॅपटॉप बंद करायला घेतला.

तात्या म्हणाले, “बगा. सांगितलं ना, दुसरं कायतरी उठवा.” देवाला खरंच सगळं ठाऊक होतं, का डावी पाकळी नुसती आधी सुकली होती, यावर मी वाद घातला नाही. पालखी उठवली असती तर ॲप उघडलं असतं, मी खुशीत घरी गेले असते आणि ॲपने ती जागाही हळूहळू खाल्ली असती, हे मात्र खरं. मंदार सरांना मी फोनवर रिपोर्ट सांगितला. मिसयूजच्या जागी काय लिहू, विचारलं. ते म्हणाले, “पॅच येतोय, लिही.” पॅच म्हणजे ॲपच्या चुकीवर लावायचं ठिगळ. तेवढं चाललं मला. इतर सेविकांच्या टॅबमधली गाठोडी मी पुढच्या फेऱ्यांमध्ये काढली.

त्या रात्री मी रेश्माकडेच राहिले. कालवणात बोंबील होते आणि झोप अशी लागली की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी शाळेत कॅम्प. डॉक्टर मॅडम तरुण, पण घाईच्या नव्हत्या. सोनीला तराजूत घातलं. दंडाला मापाची रंगीत पट्टी लावली. लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे ठीक. सोनीची पिवळ्यात आली. मॅडमनी पेन उचललं आणि म्हणाल्या, “बॉर्डरला आहे. अलिबागला पाठवलेलं बरं.”

सुगंधाने पोर पदरात घट्ट धरली.

“मॅडम, हे बघा,” रेश्मा म्हणाली आणि तिने टॅब टेबलावर ठेवला. सोनीचं पान उघडलेलं होतं. तिथे प्रत्येक वजनाचा एक ठिपका आणि ठिपके जोडणारी रेघ. लाल पट्ट्यात सुरू झालेली. एकदा तापात जराशी बसलेली. मग पुन्हा वर, वर, पिवळ्यात.

मॅडमनी ती रेघ बघितली. मागे सरकवून पुन्हा बघितली. “अरे, ही तर चढतेय,” त्या म्हणाल्या. “छान चढतेय. मग कशाला हलवायची? इथेच राहू दे. खाणं चालू ठेवा, पंधरा दिवसांनी मला दाखवा. खाली आली तर मात्र लगेच न्यायची, कबूल?”

“कबूल,” सुगंधा म्हणाली. दोन दिवसांत मी ऐकलेला तिचा तो पहिला शब्द. मग ती टेबलापाशी वाकली आणि त्या रेघेवरून खालून वर बोट नेलं, अगदी हळू. रेघ संपली तिथे बोट थांबलं.

“ही माजी सोनी?” तिने विचारलं.

“ही तुझी सोनी,” रेश्मा म्हणाली.

“आनि ह्याच्या वर?”

“वर हिरवं. वर पुष्कळ हाय अजून.”

सुगंधा हसली. पोरीचा गालगुच्चा घेतला, तिला कडेवर टाकलं आणि कुणाचा निरोप न घेता डोंगराच्या वाटेला लागली. घरी दुसरा मुलगा वाट बघत होता.

या प्रकारानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. स्टोरेज भरल्याची तक्रार आली की आधी आमचं ॲप किती जागा खातंय ते बघते, चक्र थांबेपर्यंत थांबते. लोकांच्या फोटोंना त्यानंतर हात लावते. बहुतेक वेळा लावावा लागत नाही.